कौस्तुभ चौथ्या वर्षी बोलला

पापडी, ८ जून २०२५

चि. सौ. सुरुचीस, सासूचे अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस. बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी नेत्रासमोर फोन नको म्हटल्यापासून तू माझा फोन घेत नाहीस. म्हणून कौस्तुभ दर रविवारी वाडीतली केळी नेतो, त्या पिशवीतून हे धाडते.

तुमच्या फ्रिजवरचा तक्ता पाहिला. पहिल्या वर्षी एक शब्द, दुसऱ्या वर्षी दोन शब्दांचं वाक्य, तिसऱ्या वर्षी परक्यालाही कळेल असं बोलणं. वा गं वा! पोर आहे की वीजबिल, ठरल्या तारखेला यायला? नेत्रा आत्ता कुठे पावणेतीन वर्षांची. कौस्तुभही चार वर्षांचा होईस्तोवर गप्प होता, आणि आता त्याला गप्प करायला माणसं लावावी लागतात. शिवाय मागितल्याशिवाय काही द्यायचं नाही, हा कुठला नियम? केळं हवं तर लेकराने आधी अर्ज करायचा का?

लोभ आहेच. केळी पिकलीत, लवकर संपवा.
वसुंधरा

नायगाव, ११ जून

ती. सौ. आईंस, शि. सा. न. वि. वि.

आशीर्वाद आणि सहा डझन केळी पोचली. अठराव्या मजल्यावर तिघांनी ती कशी संपवायची, तेही पुढच्या पिशवीतून कळवावे.

नेत्रा माझं बोट धरून फ्रिजपाशी नेते आणि उभी राहते. मी दहादा ‘केळं’ म्हणते, ती नुसती माझ्या तोंडाकडे बघते. बाई म्हणाल्या, आधी कान तपासून घ्या. पण फॉर्मवर ‘वडील कधी बोलू लागले’ यापुढे तुमच्या चिरंजीवांनी ठसठशीत ‘चौथ्या वर्षी’ लिहिलं, आणि घराण्याची रीतच आहे म्हणून तपासणी दिवाळीनंतरवर ढकलली. मीही मान डोलावली. खरं सांगू, आई? त्या चौथ्या वर्षाच्या भरवशावरच माझी झोप टिकून आहे.

कृपा असू द्यावी, केळी आवरावीत.
सुरुची

पापडी, २२ जून

चि. सौ. सुरुचीस आशीर्वाद.

आज टोमणा नाही, शोधू नकोस. काल तुम्ही नेत्राला माझ्याकडे ठेवून गेलात. ओट्यावर ती फुलं टोपलीत भरत होती, आणि तिच्या पाठीमागे माझ्या हातून पितळी परात पडली. कुत्रं पळालं, शेजारची सालोमी धावत आली. नेत्राने मान वळवली नाही. मी परात मुद्दाम पुन्हा पाडली, तरी नाही.

सुरुची, कौस्तुभ चौथ्या वर्षी बोलला हे खोटं आहे. सव्वा वर्षाचा असताना तो याच ओट्यावरून मासेवालीला हाका मारायचा. होळीला तू माझ्या मोरीत जाऊन रडलीस ते बघवलं नाही, म्हणून मी रचून सांगितलं. मग इतक्यांदा सांगितलं की त्यालाही ते खरं वाटायला लागलं. फोनवर हे माझ्या तोंडून निघालं नसतं.

दिवाळीची वाट बघू नका, उद्याच कान दाखवा. मला काय बोलायचं ते नंतर बोल.
वसुंधरा

नायगाव, ५ जुलै

ती. सौ. आईंस नमस्कार.

नेत्राच्या दोन्ही कानांच्या पडद्यांमागे चिकट पाणी साचलंय. बुडी मारल्यावर बाहेरचं जेवढं ऐकू येतं, तेवढंच तिला येत होतं. सोमवारी छोटी शस्त्रक्रिया आहे. दिवाळीपर्यंत थांबला असतात तर हेही महिने वाया गेले असते, असं डॉक्टर म्हणाले.

मी तुमच्यावर चिडले आहे. गेल्या रविवारची केळी सगळी वॉचमनला दिली. पण त्या थापेवर मी स्वतःच सुखाने टेकून बसले होते, तो राग कुणाच्या पिशवीतून पाठवू?

सोमवारी या. कौस्तुभ बोलून बोलून हॉस्पिटल डोक्यावर घेईल. सव्वा वर्षाचा असल्यापासूनची सवय आहे म्हणे.
सुरुची

नायगाव, २० सप्टेंबर

ती. सौ. आईंस शि. सा. न. वि. वि.

बाईंनी नेत्राचे शब्द लिहायला दिलेली वही कालपर्यंत कोरी होती. आज सकाळी तुमचं शेवटचं केळं सोललं आणि नियम मोडून, न मागताच तिच्या तोंडाशी नेलं. तिने माझा हात बाजूला सारला आणि स्वच्छ म्हणाली, “नको.”

मी पुन्हा विचारलं, तिने पुन्हा नकार दिला. सात वेळा विचारलं आणि मग रडत रडत ते केळं मीच खाल्लं. तक्त्याप्रमाणे आम्हाला फार उशीर झालाय. बसू दे तक्त्याला वाट बघत.

कौस्तुभला हे पत्र देऊन आत्ताच धाडते आहे, त्याच्याबरोबरच निघा. लोभ घेऊन या, केळीही घेऊन या. तिला तुम्हाला नाही म्हणायचंय.
सुरुची