न मागता मोकळी झालेली लायसन्सं

पनवेल, मंगळवार संध्याकाळ

अजून खरं वाटत नाही. दुपारी करंजाच्या जेट्टीवरून आमची साइट इंजिनिअर वैशाली हिचा फोन आला, स्पीकरवरच घेतला, सगळ्या ऑफिसला ऐकू गेला. "दादा, एका खांबाच्या सळ्या ड्रॉइंगप्रमाणे बसतच नाहीत. भरतीचं पाणी चढायच्या आत काँक्रीट ओतायचंय. सुधारलेलं ड्रॉइंग लगेच पाठवा!"

डिझाइनच्या सॉफ्टवेअरची मोजकीच लायसन्सं आम्ही ऑफिसभर वाटून वापरतो; लायसन्स मोकळं असल्याशिवाय ड्रॉइंग उघडत नाही. नेमकं एकही मोकळं नव्हतं. सर्व्हरवरून कुणाचंही काढून घ्यायचा अधिकार मला आहे. पण कुणाचं काढू? त्याचं सेव्ह न केलेलं काम जाणार. माऊसवर हात ठेवून नुसताच बसलो.

तेवढ्यात स्क्रीनवरच्या लायसन्स वापरणाऱ्यांच्या यादीतलं एक नाव गेलं. मग दुसरं. मग भराभर. मी मागितलं नव्हतं. जेवायला जातानाही लायसन्स न सोडणारे कदमसाहेब, त्यांचंसुद्धा नाव गेलं! लागत होतं एकच, आणि अख्खी स्क्रीन रिकामी. इतकी वर्षं मी या माणसांची भांडणंच सोडवत आलो ना?

ड्रॉइंग करणाऱ्या आमच्या मानसीने ते सुधारलं, कदमसाहेबांनी उभ्या उभ्या तपासलं, पाठवलं. आम्ही सगळे फोनभोवती थांबलो.

"दादा, ओतून झालं," वैशाली ओरडली. "आता येऊ दे पाणी!"