लिहून द्या, म्हणालात

कर्वेनगर, पुणे
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

आदरणीय तुळजाबाईंना हेमांगीचा नमस्कार.

समर्थरावांबरोबर पाठवलेल्या पावट्याच्या शेंगा पोचल्या. इथे भाजीवाल्याकडे मिळतात त्यांना शेंगा म्हणायचं की नुसती टरफलं, हा प्रश्नच असतो. तुमच्या सोलता सोलता अंगठा दुखला, पण पातेलं भरलं. उसळ केली. ह्यांनी दोनदा मागून घेतली आणि वर म्हणाले, "विहीणबाईंना सांग, वाईट नव्हती." पुण्यात याहून मोठं कौतुक नसतं, हे आता तुम्हालाही माहीत झालं असेल.

माझी शाळा सुरू झाली आहे. सातवीच्या पोरी अजून दिवाळीतच आहेत. थंडी बऱ्यापैकी पडली आहे. तुमच्या मांजरी गावात तर उसामुळे जास्तच असेल. सध्या उसाला पाणी देणं चालू असेल तर अंधारात जाताना बॅटरी

हे वाक्य अर्धंच ठेवते. बॅटरीचं मी तुम्हाला काय सांगणार?

पत्र कशाला, असं तुमच्या मनात येईल. फोन रविवारपासून तुम्ही उचललेला नाहीत, म्हणून नव्हे. रविवारी तुम्ही मला एक गोष्ट लिहून मागितलीत, म्हणून लिहायला बसले आहे. ती लिहायच्या आधी बाकीचं सांगायला हवं. माझ्या बोलण्याची फोनवर नेहमी शिकवणी होते, हे ऋतुजा मला लहानपणापासून सांगत आली आहे.

रविवारी मी स्वारगेटला बस बदलून तुमच्याकडे आले, ती भांडायला आले असं तुम्हाला वाटलं. खरं म्हणजे तशीच आले होते. माझ्या मुलीची इंजेक्शनं तिच्या सासूबाईंनी बंद केली, हे मला समर्थरावांकडून कळलं होतं. वाटेत मी वाक्यं पाठ करत होते. दारात पाऊल टाकलं तर तुम्ही म्हणालात, "या विहीणबाई. आधी चहा. सुया मागनं." माझी सगळी वाक्यं तिथेच गेली.

समर्थरावांनी माझ्या बाजूने बोलून पाहिलं. "मम्मी, अगं प्रूव्हन आहे ते सगळं. डॉक्टर काय येडे आहेत का?"

"तुजा बाप बी प्रूव्हन औषधानंच गेला," तुम्ही म्हणालात.

त्यानंतर कुणी कप उचलला नाही.

तुळजाबाई, तुमच्या मनात ही भीती कुठून शिरली ते मला ठाऊक आहे. चोरओटीच्या दिवशी शिरली. तुम्ही दाराशी उभ्या होतात, आत येत नव्हतात. ऋतुजा म्हणाली, "मम्मी, तुम्हीच भरा माझी ओटी. नाहीतर मी उठते." तुमच्या जाऊबाईंचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. तुम्ही ओटी भरलीत. आणि त्या आनंदात माझी ही बडबडी मुलगी हसत हसत म्हणाली, "मम्मी, माहितीये का, माझ्या रक्तात घोणसीचं विष घालून तपासलंय!" मीही हसले. तुमच्या हातातलं तबक एकदम खाली आलं, ते मी पाहिलं होतं. तेव्हाच उठून तुमच्याजवळ यायला हवं होतं.

विष तिच्या अंगात घातलेलं नाही. तिचं रक्त बाटलीत काढलं, आणि लॅबमध्ये त्यातल्या पाण्यासारख्या भागात त्या विषाचा अगदी किंचित अंश मिसळला. घोणसीच्या विषात असं काही असतं की रक्त भराभर गोठू लागतं. ऋतुजाचं लवकर गोठलं नाही. त्यावरून कळलं की तिच्या रक्तात एक खोड आहे. विचित्र आहे, पण असं रक्त नळीत उशिरा गोठतं आणि अंगात मात्र नको तिथे गोठतं. वारेत गुठळ्या होतात. बाळाकडे रक्त जात नाही. पहिली दोन बाळं अशी गेली. ना तुमच्या घराण्यातल्या कुणी साप मारल्यामुळे, ना आमच्या.

आणि समर्थरावांच्या वडिलांना रात्री उसात घोणस चावली, त्यांचं जे झालं तेही त्याच विषानं. मी ते वाचून काढलं, दोन दिवस दुसरं काही वाचलं नाही. आपण समजतो विषानं रक्त पातळ होतं. तसं नाही. ते आधी रक्ताला सगळीकडे गोठायला लावतं, इतकं की गोठायला लागणारा ऐवजच संपतो. मग कुठूनही वाहतं आणि थांबत नाही. तुम्ही मला सांगितलं होतंत, दवाखान्यात काचेच्या नळीत भैरूरावांचं रक्त ठेवलं होतं, आणि डॉक्टरांनी नळी तिरकी केली तेव्हा ते पाण्यासारखं वाहिलं. तुम्ही तिथे उभ्या होतात. मी हे पुस्तकात वाचलं, तुम्ही डोळ्यांनी पाहिलं. त्यामुळे तुम्हाला समजावणारी मी कोण, हा प्रश्न मला वाचतानाच पडला.

कारण ऋतुजाच्या इंजेक्शनाचं कामही हेच आहे, की रक्त सहज गोठू नये. हे मी लपवत नाही. सुई टोचली तिथे निळेकाळे डाग येतात, तेही त्यामुळेच. तुम्ही म्हणालात, "असेच डाग ह्यांच्या अंगावर आलते." आले असतील. तुमची भीती अडाणीपणाची नाही. निघताना मी समर्थरावांना "त्यांना समजत नाही" असं म्हटलं होतं, ते तुम्ही ऐकलंत. माझे ते शब्द मागे घेते.

फाटकापाशी तुम्ही जे सांगितलंत, ते बसमध्ये माझ्या डोक्यात फिरत राहिलं. सापाच्या औषधाआधी संमतीचा कागद पुढे आला. सासूबाईंना लिहिता येत नव्हतं, दीर गाडी लावायला गेले होते. तुम्ही सातवी शिकलेल्या, म्हणून तुम्ही सही केलीत. औषध चढलं आणि भैरूरावांना हुडहुडी भरली. मग लघवीतून रक्त, मग लघवीच बंद. औषध उशिरा पोचलं होतं, एवढंच होतं ते. पण सासूबाई मरेपर्यंत आल्यागेल्याला सांगत राहिल्या, "हिनं सही केली." तुम्ही म्हणालात, "अंगठाबहाद्दर असते तर सुटले असते." मी तुमचा हात धरला होता. तो तुम्ही सोडवून घेतलात आणि म्हणालात, "तुमी लिहून द्या. ह्या सुयांनी माज्या सुनेला काय व्हनार न्हाय, आसं लिहून द्या. मग टोचा."

काल सोनोग्राफी झाली. समर्थरावांनी सांगितलंच असेल. पाचव्या महिन्याच्या मानानं बाळ लहान आहे. त्याच्याकडे जाणारं रक्त कमी झालं आहे. इंजेक्शन बंद होऊन आठवडाही झालेला नाही, त्यामुळे सगळं त्यानंच झालं असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या नाहीत. पण बाळाला आणखी वाट बघायला लावू नका म्हणाल्या.

दुसरी गोष्ट समर्थरावांनी तुम्हाला सांगितली नसणार. मलाही ती इतका वेळ लिहिता आली नाही. ऋतुजा वजन करायला बाहेर गेली तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, की हा धोका बाळापुरता नाही. गुठळी पायात होऊ शकते, पायातून छातीत जाऊ शकते. मग दवाखान्यात पोचेपर्यंतही वेळ मिळतोच असं नाही. समर्थराव खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते.

मी विचारलं, "इंजेक्शनं घेतली तर काही होणार नाही, असं तुम्ही लिहून द्याल का?"

त्या म्हणाल्या, "अशा दहा जणींतल्या सात-आठ बाळ घेऊन घरी जातात."

"आणि बाकीच्या?"

त्यांनी कॉम्प्युटरकडे पाहिलं.

बाहेर आल्यावर मी ऋतुजाला म्हटलं, चल माझ्याबरोबर, तिकडे मी रोज देईन इंजेक्शन. रिक्षाही थांबवली होती. ती आली नाही. म्हणाली, "आई, दुपारी मी झोपले असं समजून मम्मी माझ्या पोटावरचे डाग बघतात. पदरानं हळूच पुसून बघतात, जातात का. तू ते पाहिलेलं नाहीस. त्या हो म्हणेपर्यंत मी नाही घेणार." रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, बसणार का तेवढं सांगा." मी एकटीच बसले.

खरं सांगू? मला वाईट वाटलं, आणि कुठेतरी बरंही वाटलं की माझ्या मुलीचं पोट असं कुणी पुसतं. पण या बऱ्या वाटण्याचा काय उपयोग? तुमची माया तिला थांबवते आहे, माझी तिला हलवू शकत नाही. मी सत्तेचाळीस वर्षांची आहे. शाळेत चाळीस पोरींचा वर्ग एका नजरेत गप्प करते. आणि माझ्या एकुलत्या मुलीच्या रक्तात काय चाललं आहे, तिथे माझा हात पोचत नाही. तुमचाही पोचत नाही. आपण दोघी बाहेरच उभ्या आहोत.

तुम्ही मागितलं ते लिहायला मी सकाळपासून तीन कागद घेतले. "ऋतुजाला काही होणार नाही" एवढं लिहायचं होतं. लिहिलं की खोटं दिसायचं. तुम्हाला खोटं लिहून देऊन माझ्या मुलीला सुई टोचायला लावायची, हे मला जमलं नाही. म्हणून मला जे खरेपणानं लिहिता येतं तेच खाली लिहिते. हा कागद जपून ठेवा. जाऊबाईंना दाखवा, भावकीत दाखवा, उद्या गरज पडली तर माझ्यासमोरही धरा.

मी, हेमांगी सलिल परचुरे, राहणार कर्वेनगर, लिहून देते की माझी मुलगी ऋतुजा हिला इंजेक्शनं आजपासून पुन्हा द्यावीत, असा आग्रह माझा आहे. तिच्या सासूबाई तुळजाबाई यांनी तिला होता होईल तेवढं जपलं. इंजेक्शनं दिल्यावर तिला किंवा बाळाला काही झालं, तर तो दोष त्यांचा नाही. कुणी विचारलं, तर सांगावं की सही तिच्या आईनं केली.

हेमांगी सलिल परचुरे