क्लच गेलेला नाही

निरंजन,

जेवण झाकून ठेवलंय. मी मोशीला तुझ्या ताईकडे निघालेय. गाडी न्यायला भंगारवाला उद्या येणार, हे मला तुझ्याकडून नाही, दिव्याकडून कळलं. तुझ्या लेकीला तरी आजीला सांगावंसं वाटलं.

दसऱ्याला हार घालून तू यांची बुलेट सुरू केलीस, आणि क्लच दाबलेला असूनही गिअर टाकताच ती पुढे उडाली. लगेच म्हणालास, "क्लच गेला, काढून टाकू." गेलेला नाही. हे गेल्यापासून गाडी वर्षभर उभी आहे, अशा गाडीच्या क्लचप्लेटा एकमेकींना चिकटतात. हे कंपनीत निघताना आधी चावी न लावता, क्लच दाबून धरून रिकाम्या किका मारायचे. प्लेटा सुटल्या की मगच गाडी सुरू करायचे. तेवढं करून बघ. तरीही ओढली तर केबल सैल झाली असेल, ती ताण.

"मागे बसणाऱ्याला काय कळतं गं, आई?" असं सगळ्यांसमोर हसत म्हणालास. जन्मभर मागेच बसले मी, तुला मांडीवर घेऊन.

मला न्यायला येणार असशील तर त्याच गाडीवर ये. कारने आलास तर ताई चहा देईल, तो पी आणि एकटाच परत जा.

आई