लेस्टरची मजुरी

आर्विद,

कराचे कागद घेऊन गावात जातेय. बटाटे ओव्हनमध्ये आहेत, वासरांना दूध पाजलंय.

मजुरांच्या खर्चात तू लेस्टरचा वर्षभराचा पगार लिहिलास. कागद भरून देणारी बाई फोनवर म्हणाली, "अगं सेल्मा, तो सप्टेंबरात गेला ना? मग पुढची मजुरी कसली?" मी म्हटलं, ते पैसे आम्ही त्याच्या बायकोला देतो. ती म्हणाली, "मग ती मदत झाली. खर्चात धरायचा तो काम केलेल्या माणसाचा पगार." म्हणून तेवढे महिने मी खोडले. रागावू नकोस. डोरिनला आपण देत राहूच, पण आपल्या पदरचे म्हणून.

मुरघासाच्या टाकीत विषारी वायू साचलाय हे तुला ठाऊक नव्हतं. तू त्याला आत पाठवलंस, तसं कुणीही पाठवलं असतं. डोरिनही हेच म्हणते. तरी तू तिच्या दारात पाऊल टाकत नाहीस, पाकीट दरवेळी मीच नेते.

येताना तिच्याकडे थांबणार आहे. आज तूही ये. त्या सकाळी लेस्टर काय बोलत होता, ते तिला ऐकायचंय. ते तुझ्याशिवाय तिला कोण सांगणार?

सेल्मा