मुकादमाची खुर्ची

ती. आईस वाकून नमस्कार. आधी चष्मा लाव.

मी मजेत आहे. इस्पितळाच्या धुलाईघरात गाणी म्हणत इस्त्री करतो. आता मला तिथला मुकादम करतायत. पगार दीडपट, पण दिवसभर सगळ्यांवर ओरडायचं.

जुने मुकादम नोकरी सोडताना इतके खूश होते की मलाच धडकी भरली. खणातली पित्ताच्या गोळ्यांची बाटली माझ्या हातात ठेवून म्हणाले, "घे, ही खुर्चीबरोबरच येते."

तू काळजी करू नकोस, मी अगदी शांत आहे. तुझा गुडघा कसा आहे? बाबा आयुष्यभर घरादारावर ओरडले, तरी त्यांना कधी पित्त झालं नाही. हे कसं जमतं ते विचारून कळव. मगच साहेबांना हो-नाही सांगेन.

तुझा,
अजून तरी इस्त्रीवाला

ता. क. नोकरीला हो म्हटलेलं नाही. गोळ्या मात्र सुरू केल्यात.