डोलकाठीखालची चांदी

पेम्ब्रोक गोदी,
१४ मे १८७१

प्रिय मेरेरिदताई,

तुला आणि इद्वलदाजींना नमस्कार. आम्ही दोघं खुशाल. लौरीच्या कोंबड्या अंडी देताहेत, माझे गुडघे पावसाचा अंदाज देताहेत. दाजी अजून वादळात असल्यासारखे ओरडूनच मीठ मागतात का गं?

बातमी अशी, की आपलं 'हेअरबेल' मोडीत निघालं. दाजींचं पहिलं जहाज. दहा तोफांच्या त्या छोट्या लढाऊ गलबतांना खलाशी 'शवपेट्या' म्हणायचे. त्याच बांधणीची कितीतरी बुडाली. हे मात्र त्रेचाळीस वर्षं तरंगलं! शेवटी नुसतं कोळशाचं कोठार झालं होतं, पण तरंगत होतं. मी काठावर उभा राहून शाळेतली समुद्राची कविता म्हणू लागलो, तर तोडणारे म्हणाले, "आजोबा, पुढचं कडवं जरा लांब जाऊन म्हणा. तुळई पडतेय!"

डोलकाठी उभी करताना तिच्या बुंध्याखाली चांदीचं नाणं ठेवतात, आठवतं? तिथे ते मीच ठेवलं होतं, गोदीत एकोणीस वर्षांचा शिकाऊ उमेदवार असताना. आणि तिथे काय ठेवलं, ते जहाज मोडेपर्यंत कुणाला सांगायचं नसतं. सांगितलं की जहाजाचं नशीब फिरतं. सगळी गोदी हे मानते.

परवा बुंधा उचलला. नाण्याशेजारी आईने तुला दिलेलं, शिवताना बोटात घालायचं चांदीचं अंगुस्तान निघालं.

ताई, ते लौरीने चोरलं नव्हतं. मी घेतलं होतं. तुमचं लग्न ठरलेलं, आणि दाजी त्या शवपेटीतून निघालेले. वाटलं, तुझ्या बोटातली चांदी खाली असली, तर समुद्र त्यांना परत करील. केलं की नाही?

दाजी ते जहाज सोडून उतरले, तेव्हाच सांगायला हवं होतं. आता दुसऱ्या कुणाचे तरी दाजी त्यावर आहेत, अशी मी मनाची समजूत घातली. खरं म्हणजे, तोवर तुम्ही दोघी बहिणींनी बोलणं टाकलं होतं, आणि मी घाबरलो.

काल लौरीला सांगितलं. सांगताना तिच्या हातात लाटणं होतं, एवढंच लिहितो. मग ती डोळे पुसत हसत सुटली. म्हणाली, "त्रेचाळीस वर्षं मला चोर म्हणाली! टपालाने पाठवलंस तर बघ. तिला म्हणावं, स्वतः ये आणि माझ्या बोटातून काढून ने."

तेव्हा ते तिच्या बोटात आहे. थोडं चेपलंय. रविवारी ती मनुकांचा पाव करणार आहे. आम्ही दोघंच खाणारे, पण पीठ आजच चौघांचं आणून ठेवलंय तिने.

वाट बघणारा तुझा भाऊ, आणि घरातला खरा चोर,
गेथिन