चाळीसच्या जागी शून्य

सांगली, ५ सप्टेंबर १९७८

आज कामावर रुजू झाले. विश्रामबागेत खोली मिळाली आहे. दोन खिडक्या, नळ दारात. घरमालकीण कस्तुरीबाई जैन, दिवस मावळायच्या आत जेवून मोकळ्या होतात, त्यामुळे संध्याकाळी शांतता. कोरेगावहून एक ट्रंक आणि पुस्तकांचं गाठोडं आणलं. सकाळी केस विंचरताना मी काहीतरी गुणगुणत होते. लक्षात आलं तेव्हा थांबले.

कारखाना पंपांचा. हे इथंच नोकरीला होते आणि गेल्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी इथंच गेले, म्हणून यांच्या जागी मला घेतलं. काम कागदी पट्टीला भोकं पाडायचं. पट्टीला इथं टेप म्हणतात. एक मोठं परदेशी मशीन आहे, जुनंच विकत घेतलेलं. त्याचं टेबल फिरतं, डोकं कलतं, आणि पंपाच्या पंख्याची वळणदार पाती ते कोरून काढतं. कुठं किती जायचं, ते टेपवरच्या भोकांत असतं. ही भोकांची भाषा मला येते. हे सुट्टीला यायचे तेव्हा टेपचे तुकडे आणायचे आणि चुलीपुढं बसून शिकवायचे. या रांगेतलं भोक एकचं, हे दोनचं, हे चारचं, बेरीज करायची. चौथी शिकलेल्या बाईला ते जमलं. इथल्या डिप्लोमावाल्यांना टेप वाचता येत नाही. मशीन वाचतं, मग आपण कशाला, असा त्यांचा हिशेब.

८ सप्टेंबर

दुखणं काय आहे ते आज पाहिलं. पातं कोरता कोरता टूल मध्येच त्यात घुसतं. बोट बुडेल एवढा खड्डा पडतो आणि जॉब भंगारात जातो. वर्षभर हे चालू आहे आणि कारण सगळ्यांना पाठ आहे. यांनी टेपा चुकीच्या पाडल्या. त्याच चुकीनं त्या दिवशी मशीनचं डोकं खाली आलं, हात टेबलावर सापडला, मिरजेला नेईपर्यंत रक्त गेलं. अपघाताच्या कागदावरही तसंच आहे, साहेबाच्या सहीनं.

फोरमन नानासो मला समजावायला आले. "वैनी, मशीन सोता कवा चुकत न्हाई. माणूस चुकतंय. जोतीराम गडी लय चांगला, पण घाईचा."

घाईचा. यांना भाकरीचा एक तुकडा मोडायला मिनिट लागायचं. मी पानावरून उठून भांडी घासली तरी हे जेवतच असायचे.

यांची टेप बरोबर होती, एवढं मला त्या कागदावर लिहून हवं आहे. बाकी काही नको.

१४ सप्टेंबर

यांच्या हातची टेप चार दिवस बोटांनी वाचली. एक भोक चुकलेलं नाही. साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, बाईमाणसाच्या बोटांवर कारखाना चालत नाही. मग त्यांनी कुठंसं वाचून शोध लावला की टूल जाड आहे, पात्याच्या वळणात मावत नाही, म्हणून खणतं. असं होतं, मला मान्य. पण तीन टूल बदलली तरी खड्डा तिथंच. मग कोणी म्हणालं, डोक्याचा कल चुकतो. तोही बदलला. खड्डा तिथंच. दर वेळी एकाला कारण सापडतं, तो दोन दिवस छाती काढून हिंडतो, आणि भंगाराच्या ढिगात एक पंखा वाढतो.

१९ सप्टेंबर

मशीन चालवणारा धुळा सरळ माणूस आहे. त्याला म्हटलं, लोखंड कशाला नासायचं, लाकडाचा ठोकळा बांध आणि यांची टेप लाव. चालवली. एका पात्यावरून दुसऱ्याकडं जाताना टूलनं चाळीस मिलिमीटर वर राहायला हवं. टेपवर चाळीस आहे. टूल शून्यावर आलं आणि ठोकळ्यात घुसलं.

म्हणजे चार हरवतो. टेपवर आहे, मशीनला पोचत नाही. मधे फक्त वाचणारा डोळा. भोकातून उजेड पडतो, खालच्या काचेला तो दिसतो. झाकण उघडलं.

काचेवर कुंकू. तेलात कालवलेलं, वाळून खपली झालेलं, नेमकं चारच्या रांगेवर. उजेड कधी पार होतो, कधी नाही.

गेल्या खंडेनवमीला नानासोंनी मशीनची पूजा केली, तेव्हा डोळ्यालाही बोट लावलं होतं. धुळा खाली बघत म्हणाला, चुकीचं वाचलं की वाजणारी एक घंटा आहे. ती त्या दिवशी सारखी वाजायला लागली. पूजेत विघ्न नको म्हणून नानासोंनी तिची वायर काढली. तिसऱ्या दिवशी हे गेले.

मी पदरानं काच पुसली. नानासो धावत आले. मशीनचं कुंकू पुसलं, तेही मी, असं म्हणून त्यांचा चेहरा पांढरा पडला. माझं पुसलं तेव्हा हेच नानासो दारात उभे होते. तोंडात तंबाखू होती.

२३ सप्टेंबर

चार पंखे स्वच्छ निघाले. साहेब म्हणतात, नानासोंनी लिहून दिलं तर कागद बदलू. नानासो म्हणतात, खंडेनवमीपर्यंत खड्डा पडला नाही तर देतो. मोठे उपकार.

२८ सप्टेंबर

जेवणाच्या सुट्टीनंतर, चाचणीसाठी टेबलावर परत बांधलेल्या ठोकळ्यात एक नवा खड्डा. मशीन बंद होतं, टेपही लावलेली नव्हती. नानासोंचंच काम, सही टाळायला. मी तोंडावर सांगितलं. ते माझ्याशी भांडले नाहीत. ठोकळ्याकडं बघत मागं सरकले.

धुळा म्हणाला, "वैनी, मेन स्विच पाडून मीच कुलूप लावलंवतं. किल्ली माझ्या करदोट्याला हाय."

३० सप्टेंबर

दुसरा. पहिल्याच्या शेजारी. नानासो आज कामावर नव्हते.

३ ऑक्टोबर

जेवणाच्या सुट्टीत समोर बसून राहिले. काही नाही. पाणी प्यायला उठले, तांब्या भरेपर्यंत तिसरा. बोट घालून पाहिलं. लाकूड कोमट होतं.

साहेबांना बोलावलं. लाकूड फुगतं म्हणाले. असल्या डोक्यावर हा कारखाना चालतो.

६ ऑक्टोबर

चौथा. धुळ्यानं बदली मागितली. मी त्याला हसले. हसू नीट आलं नाही.

७ ऑक्टोबर

पाचवा. बाकीच्यांपेक्षा आखूड.

यांच्या उजव्या करंगळीचं वरचं पेर लहानपणी चरकात गेलं होतं.

मला जे दिसतं ते मी इथं लिहिणार नाही. पट्टी घेऊन मापं लिहीन.

९ ऑक्टोबर

यांच्या हाताशी मापं जुळतात.

१० ऑक्टोबर, खंडेनवमी

दुपार. मशीनला झेंडूची माळ. मला पूजेला उभं केलं नाही. सगळे बाहेर मांडवात पेढे खातायत. नानासोंनी सही दिली नाही. डोळ्याला पुन्हा कुंकू लावलंय, बोटभर. वर्ष झालं, एक माणूस गेला, आणि नानासोंनी पुन्हा तेच — तोच हात, तीच काच —

पुसलं. मेन पाडलेला आहे, कुलूप आहे, बघितलं. वही मांडीवर.

भुताला भ्यायला मी काही नानासो नाही. एकदा हात ठेवून बघते. डावा. उजव्यानं लिहायचंय.

बसत नाही, उजव्या हाताचे आहेत खड्डे — तरी बोटं आपोआप — तळवा वर झाला. हातात हात घेतल्यासारखं.

कोमट.

डोळ्याचा दिवा लागला आहे. टेप नाही. मेन पाडलेला —

हात निघत नाही. ओढत नाहीये कोणी. धरलाय फक्त. हे असेच धरायचे —

डोकं कललं. हळू येतंय. घाई नाही. चाळीस. तीस असेल आता. हाक मारली, बाहेर ताशा —

यांचं नाव मी कधी घेतलं नाही, लिहिलंही नाही. वही ज्याला सापडेल त्यानं साहेबांना दाखवावी. काचेवर कुंकू होतं. घंटेची वायर नानासोंनी काढली. जोतीराम यांची टेप बरोबर हो